ऐकणे आणि ऐकून घेणे

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. समोरच्याचे शब्द कानांनी टिपून समजून घेणे हा एक, आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. ‘पोरगा माझं ऐकत नाही’ असे आई म्हणते तेव्हा तिची तक्रार त्याच्या कानांबद्दल नसते. ‘ऐकून घेणे’ यालाही अशाच दोन बाजू आहेत. एखाद्याचे म्हणणे पुरते ऐकणे ही एक बाजू, त्याचे बोल निमूट सोसणे ही दुसरी. ग्राहकसेवेविषयीचा पुष्कळसा वाद या अर्थांच्या सरमिसळीतून होतो, असे मला वाटते. ‘ग्राहकाचं ऐका’ असे सांगितले की काउंटरमागच्या माणसाला त्यात ‘तो म्हणेल तसं करा’ किंवा ‘तो बोलेल ते सोसा’ असे ऐकू येते, आणि या दोन्हींना त्याचा विरोध असतो. तो विरोध रास्तही आहे.

म्हणून हा विषय संवादातून मांडतो. ठिकाण बँकेची शाखा घेतले आहे, कारण पेन्शनर, भाजीविक्रेती, कॉलेजातला विद्यार्थी आणि दुकानदार हे सगळे एकाच रांगेत उभे राहतात अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत. बोलणारे दोघे आहेत : रांग वेळेत संपवण्याची जबाबदारी असलेले एक शाखाधिकारी आणि ग्राहक चळवळीतल्या एक कार्यकर्त्या. महाराष्ट्रात या चळवळीला जुनी परंपरा आहे. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली आणि 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. संवादातले दोघे मात्र कुणी विशिष्ट माणसे नाहीत, दोन विचारांना दिलेले ते दोन आवाज आहेत. माझा कौल कुठे आहे ते शेवटी सांगेनच. शाखाधिकाऱ्यांची बाजू मात्र जितकी भक्कम आहे तितकीच भक्कम मांडली आहे.

शाखाधिकारी : ताई, मी आधी सरळच बोलतो. ग्राहक बँकेत मन मोकळं करायला येत नाही, काम करून घ्यायला येतो. त्याला पासबुक भरून हवं असतं, केवायसीचे कागद द्यायचे असतात, खात्यावरचं नाव दुरुस्त करायचं असतं. दहा मिनिटांत काम झालं तर तो समाधानानं जातो, आणि कुणी त्याचं गोड बोलून ऐकलं पण काम झालं नाही तर तो चिडूनच जातो. 2016 साली यूपीआय आलं. आज टपरीवरच्या दहा रुपयांच्या चहाचे पैसे देतानाही बँकेतल्या कुणाशी बोलावं लागत नाही आणि लोकांना तेच आवडलंय. बोलायची वेळच येत नाही ती सेवा उत्तम, असं मी म्हणेन. याला पुरावाही आहे. 75 हजारांहून अधिक ग्राहकांच्या पाहणीवर आधारलेला एक लेख 2010 साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये आला होता. ग्राहक टिकतो तो आदरातिथ्यानं भारावून नव्हे, त्याची दगदग कमी केल्यानं, असा त्याचा निष्कर्ष होता. मग पैसा आणि मनुष्यबळ यंत्रणा सुधारण्यावर लावायचं, की कर्मचाऱ्यांना मान डोलवायला शिकवण्यावर?

कार्यकर्ती : साहेब, तुमचा पुरावा मला मान्य आहे. पण दगदग कशाला म्हणायचं, हेही त्याच लेखात आहे. एका कामासाठी पुन्हा पुन्हा फोन करावा लागणं, या खिडकीवरून त्या खिडकीवर जावं लागणं आणि तीच हकिगत प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागणं, ही ती दगदग. पहिल्यानं नीट ऐकलं नाही म्हणून दुसऱ्याला सांगावं लागतं. म्हणजे न ऐकणं हेच दगदगीचं एक मोठं मूळ झालं. यूपीआयबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, पण त्याचा दुसरा परिणामही बघा. सोपी कामं मोबाइलवर गेली, तेव्हा शाखेत आता काय येतं? जे यंत्राला जमलं नाही ते येतं. ‘माझे पैसे अडकलेत’ असं म्हणत माणूस काउंटरशी येतो. ‘अडकलेत’ या एका शब्दात किती गोष्टी असू शकतात! एटीएममधून नोटा आल्याच नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार व्यवहारानंतर 5 दिवसांत ती परत जमा व्हायला हवी आणि उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. यूपीआयनं पाठवलेले पैसे समोरच्याच्या खात्यात पोचले नसतील, तर मुदत वेगळी. केवायसी राहिली म्हणून खातं अडवलं असेल, तर कागद द्यायचे. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय झालं असेल, तर ते सुरू करून घ्यायचं. दहा वर्षं उलटली असतील, तर रक्कम ठेवीदारांसाठीच्या निधीत गेलेली असते, पण तिच्यावरचा हक्क संपलेला नसतो. आणि सायबर पोलिसांच्या सूचनेवरून रक्कम रोखली असेल, तर रस्ता आणखी निराळा. शब्द एक आणि कामं सहा. यातलं कुठलं, हे ऐकल्याशिवाय कसं कळणार? हात कितीही जलद चालवला, तरी चुकीचं काम जलद होईल एवढंच.

शाखाधिकारी : हे पटतं. पण माझी अडचण वेळेची आहे. सकाळी अकरा वाजता वीस माणसं रांगेत असतात आणि काउंटर दोन. एखादे आजोबा बोलायला लागले की मुलगा अमेरिकेत गेला तिथून सुरुवात होते. त्यांचं पूर्ण ऐकायचं ठरवलं तर मागच्या एकोणीस जणांचं काय? त्यांचाही माझ्या वेळेवर हक्क आहे. म्हणून आम्ही मध्येच थांबवून विचारतो, ‘काका, काम काय ते सांगा.’ यात उद्धटपणा नाही, रांगेत मागं उभ्या असलेल्या माणसाची काळजी आहे.

कार्यकर्ती : रांगेतल्या माणसाची काळजी मलाही आहे. पण माणसाला बोलू दिलं तर तो किती वेळ बोलतो, हे अंदाजानं ठरवू नये, कारण ते मोजून पाहिलेलं आहे. 1984 साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनी डॉक्टर आणि रुग्ण यांच्या 74 भेटी अभ्यासल्या. डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडत होते, आणि आपलं सुरुवातीचं सांगणं पुरं करू शकलेले रुग्ण होते फक्त 23 टक्के. पुढं 2002 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथं उलटा प्रयोग झाला. रुग्ण स्वतः थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, असं डॉक्टरांना सांगितलं होतं. 335 रुग्णांची नोंद झाली. सरासरी वेळ निघाली 92 सेकंद, आणि 78 टक्के लोकांचं सांगणं दोन मिनिटांच्या आत संपलं. ज्याला आपण ‘तासभर बोलत बसेल’ म्हणून घाबरतो, तो बहुधा दीड मिनिट बोलतो. दवाखान्याचा आकडा बँकेला जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मी मान्य करते. तिथं दुखणं असतं, इथं पैसा. पण आपली अडचण नीट मांडायची माणसाची धडपड दोन्हीकडे सारखीच असते.

आता त्या दीड मिनिटाची किंमत दुसऱ्या बाजूनं मोजा. जॉन सेडन या ब्रिटिश अभ्यासकानं सेवाकेंद्रांकडे येणाऱ्या कामाचे दोन भाग केले. लोकांना मुळात जे हवं असतं ते एक काम, आणि आधीच्या वेळी ते झालं नाही किंवा चुकीचं झालं म्हणून पुन्हा आलेलं दुसरं. तुमच्या रांगेतल्या वीस जणांना एकदा विचारा, ‘याच कामासाठी आधी आला होता का?’ जे हो म्हणतील ते आजच्या गर्दीचा भाग नाहीत, गेल्या आठवड्यात कुणीतरी वाचवलेल्या मिनिटांचं ते देणं आहे. कॉल सेंटरमध्ये फोन किती लवकर ठेवला यावर कर्मचाऱ्याचं मोल ठरवतात. मग तो फोन लवकर ठेवतो, ग्राहक पुन्हा फोन करतो, आणि कागदावर एकाऐवजी दोन ‘यशस्वी’ संभाषणं दिसतात. वेळ वाचल्याचा तो भास असतो.

शाखाधिकारी : ठीक आहे, वेळेचा मुद्दा सोडतो. पण खरा सल वेगळा आहे. लोक खोटंही बोलतात, ताई. ओटीपी स्वतः सांगितलेला असतो आणि इथं येऊन म्हणतात, ‘मी कुणाला काही दिलं नाही.’ मी सहानुभूतीनं ऐकत बसलो तर त्यांना वाटतं, साहेबांनी मान्य केलं, आता पैसे मिळणार. उद्या नाही म्हटलं की तेच भांडायला उभे. आणि भांडण म्हणजे काय, तर नियम केला कुणी, दर ठरवला कुणी, पण शिव्या खायच्या काउंटरवरच्या पंचवीस वर्षांच्या पोरीनं. ‘ग्राहक देव आहे’ म्हणून तिनं ते सगळं ऐकून घ्यायचं का?

कार्यकर्ती : नाही, मुळीच नाही. शिवीगाळ सोसणं हा सेवेचा भाग नाही. अशा वेळी संभाषण थांबवण्याचा अधिकार त्या मुलीला असला पाहिजे, आणि तिच्या पाठीशी उभं राहणं हे तुमचं काम आहे. जिला स्वतःला सुरक्षित वाटत नाही, तिच्याकडून दुसऱ्याचं लक्षपूर्वक ऐकणं होणार नाही. पण खोटं बोलणाऱ्या ग्राहकाचा मुद्दा मला उलटा दिसतो. ऐकणं म्हणजे मान्य करणं, असं तुम्ही धरून चाललात. न्यायाधीश दोन्ही पक्षांचं ऐकतो आणि निकाल एकाच बाजूनं देतो. म्हणून त्यानं दुसऱ्याचं ऐकलं नाही, असं आपण म्हणत नाही. फसवणुकीचंच उदाहरण घ्या. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक काय सांगतं? त्रुटी ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल आणि बँकेकडून सूचना मिळाल्यावर त्यानं कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं असेल, तर त्याच्यावर नुकसानीचा भार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं, तर जबाबदारी मर्यादित. त्यानं स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे फोन कधी आला, काय विचारलं, काय सांगितलं, बँकेला कधी कळवलं, यावर सगळा निर्णय. हे तपशील ग्राहकाच्या घाबऱ्याघुबऱ्या बोलण्यात विखुरलेले असतात. ‘तुम्हीच ओटीपी दिला असणार’ असं पहिल्याच वाक्याला म्हटलंत की तो माणूस बचावात जातो आणि खरा घटनाक्रम तुम्हाला कधीच मिळत नाही. नीट ऐकलंत तर खोटंही लवकर सापडतं. आणि ‘नाही’ म्हणायची वेळ आली, तर ‘तुम्ही मंगळवारी माहिती दिलीत, गुरुवारी कळवलंत, त्यामुळं मधल्या दोन दिवसांतलं नुकसान नियमानं परत मिळत नाही’ असं सांगता येतं. असा नकार माणसाला आवडणार नाही, पण आपलं ऐकूनच तो दिलाय, हे त्याला कळतं.

शाखाधिकारी : पण हे सगळं अनुभवी माणसाला जमतं. नव्या मुलांना प्रश्नांची यादीच द्यावी लागते. सायबर फसवणुकीसाठी 1930 वर फोन केला तर तिथंही ठरावीक प्रश्नच विचारतात, आणि तेच बरोबर आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतात, तेव्हा लांबण लावणं परवडत नाही. एकूणात काय, यादी नीट असली तर ऐकण्याची कला नसली तरी चालते.

कार्यकर्ती : आणीबाणीत यादी हवीच, याबद्दल वाद नाही. पण ती यादी आली कुठून? आधी आलेल्या असंख्य लोकांचं कुणीतरी ऐकलं, कुठली माहिती वेळेवर मिळाली तर पैसा थांबतो हे ओळखलं, तेव्हा ते प्रश्न ठरले. यादी म्हणजे साठवलेलं ऐकणंच आहे. पण आधी कधी ऐकलं गेलं नाही ते यादीत नसतं, हा तिचा दोष. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. समजा, एक बाई नवऱ्याचं खातं बंद करायला आली आहे. त्याचं वय अठ्ठेचाळीस होतं, मागच्या महिन्यात गेला. हातात मृत्यूचा दाखला आणि कडा झिजलेलं पासबुक. ती विचारते एवढंच, ‘खातं बंद करायला कुठला फॉर्म?’ यादीप्रमाणं उत्तर सोपं आहे : फॉर्म द्या, कागद घ्या, पुढचा. काउंटरवरच्या मुलीनं ‘कसे गेले हो?’ असं विचारलं आणि ती बोलत असताना पासबुकाचं पान उलटलं, तर मे महिन्याच्या शेवटी 436 रुपये वजा झालेले तिला दिसतील. तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. त्या हप्त्यापोटी वारसाला दोन लाख रुपये मिळायला हवेत. त्या बाईला हे ठाऊकच नाही. तिनं विमा मागितला नाही, कारण विमा आहे हे तिला माहीत नव्हतं. जे माहीत असतं तेच माणूस मागतो. त्याच्या मागण्याच्या पलीकडं त्याची जी गरज असते, ती ऐकण्यातून सापडते. साहेब, या कामात सौजन्याचा भाग थोडा आहे. त्या मुलीनं पाच मिनिटं दिली, तर एका घराला दोन लाख रुपये मिळतात.

शाखाधिकारी : हे उदाहरण मला गप्प करतं, पण त्यातूनच माझा शेवटचा प्रश्न निघतो. आम्ही ऐकू. पण आमचं कोण ऐकतं? ग्राहक सांगतो, ‘हे शुल्क अन्यायाचं आहे.’ आम्हालाही पटतं. वर कळवतो, उत्तर येत नाही. बदलीवर आलेल्या माझ्या एका सहकाऱ्याला मराठी येत नाही. शिकायची त्याची तयारी आहे, पण शिकायला वेळ कुणी देत नाही. वरून विचारतात ते एवढंच, की या महिन्यात विमा किती विकला. ज्याच्या हातात काही नाही त्यानं ऐकून करायचं काय? अधिकाराशिवायचं ऐकणं हे ग्राहकाची आणखी एक फसवणूक ठरेल.

कार्यकर्ती : इथं मी तुमच्या बाजूला येऊन उभी राहते. ऐकणं हा एकट्या कर्मचाऱ्याचा गुण मानून सगळं ओझं त्याच्यावर टाकलं, तर ती लबाडी आहे. ऐकायला संस्थेनं शिकलं पाहिजे. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष केनेडी यांनी 15 मार्च 1962 रोजी अमेरिकन काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क सांगितले. सुरक्षितता, माहिती आणि निवड यांच्या बरोबरीनं चौथा होता आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. आपल्या 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही तो आला आणि 2019 च्या कायद्यातही आहे. कायद्यानं त्याला हक्क म्हटलंय. त्यामुळं त्यासाठी व्यवस्था उभी करणं हे संस्थेचं कर्तव्य ठरतं. काही व्यवस्था आहेतही. बँकेनं 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. नोव्हेंबर 2021 पासून त्यासाठी देशभर एकच योजना आहे. मोठ्या बँकांमध्ये अंतर्गत लोकपाल असतो. तक्रार फेटाळायची असेल, तर अंतिम उत्तर देण्याआधी ती त्याच्यापुढं ठेवावी लागते. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याआधी आणखी एकदा ऐका, हे नियमातच घातलेलं आहे. फलक आणि फॉर्म हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावेत, हाही नियम आहे. तोच विचार पुढं नेऊन तुमच्या सहकाऱ्याला मराठी शिकायला कामाच्या वेळातले तास मिळायला हवेत. कारण ग्राहकाच्या भाषेत छापलेला फॉर्म त्याला माहिती देतो, पण त्याच्या भाषेतलं गाऱ्हाणं कळायला माणूसच लागतो. पण वरचे ऐकत नाहीत म्हणून आपणही ऐकायचं सोडलं, तर वर पाठवायला आपल्याकडं काय उरेल? काउंटरवर नोंदलेली एकेक हकिगत हाच तो पुरावा, ज्याच्या जोरावर तुम्ही वरच्यांकडं दाद मागू शकता.

संवाद इथे थांबवतो. शाखाधिकाऱ्यांचे दोन मुद्दे मला अखेरपर्यंत खरे वाटतात. जे काम न बोलता होते ते न बोलताच होऊ द्यावे, हा एक. दुसरा त्याहून मोलाचा : ऐकणाऱ्याच्या हाती काही करण्याचा अधिकार असावा आणि त्याच्यामागे ऐकणारी संस्था असावी. पण यातला कुठलाही मुद्दा ऐकण्याच्या विरोधात जात नाही. यंत्रे जितकी सुधारतील तितकी माणसापुढे येणारी कामे अवघड होत जातील, आणि अवघड काम ऐकल्याशिवाय ओळखताच येत नाही. ग्राहक म्हणेल तसे वागणे हे ऐकणे नव्हे आणि त्याचे वाटेल ते सोसणे हे ऐकून घेणे नव्हे. काम नेमके काय आहे हे शोधून काढणे म्हणजे ऐकणे, आणि म्हणूनच ते सेवेचे पहिले काम आहे. कौल माझा कार्यकर्तीच्या बाजूने आहे.

याची सुरुवात एका वाक्यापासून करता येईल. काम संपत आले की आपल्याकडे काउंटरवरून कागद आवरत विचारतात, ‘अजून काही नाही ना?’ या ‘ना’मध्ये उत्तर आधीच ठरलेले असते. समोरचा मान हलवतो आणि मनातले मनातच ठेवून निघून जातो. 2007 साली अमेरिकेत जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या अशाच प्रश्नाचा अभ्यास केला. ‘काहीही उरलं आहे का’ या नकाराकडे झुकणाऱ्या प्रश्नाने विशेष फरक पडला नाही. पण ‘आणखी काही सांगायचं आहे का’ अशा होकाराकडे झुकणाऱ्या प्रश्नाने रुग्णांच्या मनात राहून जाणाऱ्या अडचणी 78 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि भेटीचा वेळ वाढला नाही. बँकेत, दवाखान्यात, तहसील कचेरीत, दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती आहे : उद्या सकाळी पहिल्या माणसाचे काम झाले की हातातले कागद खाली ठेवा, त्याच्याकडे बघा आणि विचारा, ‘आणखी काय सांगायचं राहिलंय?’ आणि मग दीड मिनिट थांबा.